डब्याच्या ॲपवाल्या अक्का

"हे कामून विचारायलाव?"

कोणताही नवा फॉर्म समोर आला की अक्कांचं पहिलं वाक्य हेच. फॉर्म म्हणजे कागदावरचा नव्हे, मोबाइलच्या पडद्यावरचा. तो त्या आधी वाचायच्या नाहीत. मधल्या बोटाच्या पेराने पहिल्या चौकटीवर टकटक करायच्या, शेजारणीचं दार वाजवावं तसं, आणि विचारायच्या, की हे का विचारता. उत्तर पटलं तर बोट दुसऱ्या चौकटीवर. नाही पटलं तर "साकू!" साकू म्हणजे कानडीत पुरे. अक्का निलंग्याच्या पलीकडच्या, सीमेला चिकटलेल्या गावच्या. एरवी बोलणं मराठीच, पण फार आनंद झाला किंवा फार वैताग आला की कानडी बाहेर पडायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नात वाढप्याच्या हातातलं पातेलं काढून घेऊन "असं न्हाई, असं वाढायचं" म्हणणारी. त्या वेळी आपल्याला राग येतो, आणि त्याच पंगतीत आपण दोन घास जास्त जेवतो.

लातूरला औसा रोडवर, टायरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. अजून आहे. कुणाला दुकानाचं ॲप करून दे, कुणाला दवाखान्याचं, असली कामं. साहेब गिऱ्हाईक आणायचे. मी ॲपच्या पोटातलं काम करायचो, म्हणजे भरलेली माहिती कुठे जाते, कशी साठते वगैरे. लोकांना जे दिसतं, जिथे बोट लागतं, ते सगळं अक्कांचं. माझं काम दिसत नसल्यामुळे त्याला कुणी नावं ठेवत नसे. अक्कांचं काम मात्र सगळ्यांना दिसायचं, त्यामुळे ऑफिसात चहा घेऊन येणाऱ्यापासून साहेबांच्या मेव्हण्यापर्यंत प्रत्येकजण त्यांना अक्कल शिकवून जायचा. त्या ऐकून घ्यायच्या आणि जे करायचं तेच करायच्या.

पडद्यावरच्या वस्तूंना त्यांनी आपली नावं ठेवली होती. लिहायची ती चौकट. अनेकातलं एकच निवडायचं ते गोल. हवी तेवढी निवडायची ते चौकोन. चालू-बंद करायचा तो खटका. आणि बोटाने सरकवत कमी-जास्त करायची ती घसरगुंडी. साहेब गिऱ्हाइकासमोर या सगळ्यांची इंग्रजी नावं घ्यायचे आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. मग अक्का म्हणायच्या, "इथं एक खटका देऊ का तुमाला?" आणि गिऱ्हाईक पहिल्यांदाच तोंड उघडायचं, "हाव, द्या की."

एकदा मी एका फॉर्ममध्ये चुकीच्या फोन नंबरासाठी लाल अक्षरात 'अवैध क्रमांक' असं टाकलं होतं. अक्कांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"अवैध कुणाला म्हणायलास रे? वाळू चोरली का त्यानं?"

"अक्का, नंबर चुकला तर सांगायला नको?"

"सांग की. पर चुकला म्हणून माणूस काय वाईट झाला? 'एक आकडा राहिला बघा', एवढंच लिही."

मी तसं लिहिलं. आजही मी तसंच लिहितो, आणि लोक राहिलेला आकडा निमूट भरतात.

साहेबांना प्रत्येक फॉर्मात जन्मतारीख लागायची. वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या की गिऱ्हाईक टिकतं, असं ते कुठेतरी ऐकून आले होते. अक्कांनी त्या चौकटीवर टकटक केलं. "साहेब, तुमचा वाढदिवस कधी?" साहेब म्हणाले, एक जून. "माझाबी एक जूनच. आमच्या मालकाचाबी. मास्तरांनी शाळेत घालताना समद्यांना एकाच दिवशी जन्माला घातलंय. किती जणाला शुभेच्छा देताव एका दिवशी? साकू!" ती चौकट गेली.

आणि त्यांचं ते ओलं बोट. बटण कितीही सुंदर झालेलं असो, अक्का तांब्यात बोट बुडवून ते दाबून बघायच्या. पाण्याने पडदा भांबावतो, बोट एकीकडे आणि दाबलं जातं भलतंच. मग त्या बटण मोठं करायच्या, दोन बटणांमधलं अंतर वाढवायच्या आणि पुन्हा बोट बुडवायच्या. मी एकदा म्हणालो, "अक्का, लोक काय पाण्यात बसून ॲप वापरणार आहेत का?" त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर आमच्या घरात माझी आईच फक्त वापरते.

त्या ओल्या बोटाचा उपयोग मावशी आल्या तेव्हा झाला.

मावशी म्हणजे डबेवाल्या मावशी. मूळच्या अहमदपूरकडच्या. लातुरात देशभरची नाही म्हणता येणार, पण अर्ध्या महाराष्ट्राची पोरं डॉक्टर व्हायला शिकवणीला येतात, आणि त्यांना जेवू घालण्यावर कित्येक घरं चालतात. मावशींनी गल्लीतल्या बायका जमवून एका मोठ्या होस्टेलचे डबे धरले होते. होस्टेलचे मालक कंधारकडचे. सगळे त्यांना दादा म्हणायचे. आवाज असा, की ते फोनवर बोलायला लागले की फोनची गरजच काय, असं वाटावं. त्यांना एक मोठा किचनवाला भेटला होता. त्याच्याकडे ॲप होतं. पोरांनी मोबाइलवर सांगायचं आणि तसा डबा यायचा. दादांनी मावशींना सांगितलं, "तुमीबी तसं करा, न्हाईतर मी डबे तिकडं देणार."

मावशी आमच्या ऑफिसात आल्या त्या थेट कणीक मळताना उठून आल्यासारख्या. बोटांच्या सांध्यांत पीठ होतं. त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "हे होस्टेल गेलं की आमच्या बाया घरी बसत्यात, बघा. कुणाचं पोरगं शाळेत हाय, कुणाची सासू दवाखान्यात हाय. मला ते ॲप का फ्याप काय कळत न्हाई. पर डबे माझ्याकडंच राहू द्या."

साहेब खर्चाचा अंदाज सांगायला लागले. अक्कांनी मधेच मावशींचा हात धरून त्यांच्या पिठाळ बोटाने आपल्या मोबाइलवरचं एक बटण दाबायला लावलं. बटण दाबलं गेलं. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी कीबोर्डकडे बघितलं.

मग पंधरा-वीस दिवस अक्कांना दुसरं काही सुचलं नाही. चपाती का भाकरी, हे दोन गोल. किती हव्यात, त्याला अधिक-वजाची दोन बटणं. कांदा, लोणचं, ठेचा हे चौकोन. 'आज डबा नको' हा खटका. बायकांसाठी एकच मोठं बटण, 'डबे निघाले'. पण त्यांचा जीव जडला होता तो घसरगुंडीवर. किती तिखट हवं, ते बोटाने सरकवून सांगायचं. डावीकडे दह्यासारखा पांढरा रंग, मग हळदीचा, मग लाल आणि अगदी टोकाला सुक्या मिरचीचा काळपट लाल. तो शेवटचा रंग जुळेपर्यंत त्यांनी घरून मिरच्या आणून टेबलावर ठेवल्या होत्या. ऑफिसात येणारा प्रत्येकजण शिंकत होता.

"अक्का, नुसतं कमी, मध्यम, जास्त ठेवलं तर?" मी विचारलं.

"माणसाची जीभ काय तीन खणाची असती का? आपल्या मनाला येईल तिथं थांबू दे की त्याला."

ॲप सुरू झालं. पहिल्याच दुपारी मावशींचा फोन. "अक्का, आवं समदी पोरं लालच्या टोकाला हायेत की! एकबी अलीकडं न्हाई. काय करू?"

अक्का अभिमानाने म्हणाल्या, "मराठवाड्याची पोरं हायेत, मावशी. घाला!"

मावशींनी घातलं. त्या संध्याकाळी होस्टेलमध्ये काय झालं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी दादांनी येऊन सांगितलं. पहिला घास घेऊन पोरं एकमेकांकडे बघत बसली. दुसऱ्या घासाला एकजण उठला. मग सगळे नळाला. जवळच्या किराणा दुकानातली साखर संपली. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने त्या एका संध्याकाळी दोन दिवसांचा धंदा केला. "डाक्टर करायलो मी पोरं," दादा म्हणाले, "पेशंट न्हाई! येळवशीच्या सणापर्यंत बघतो. मग देतो त्या किचनवाल्याला." खाली टायरवाल्याच्या गिऱ्हाइकांनीही ते नीट ऐकलं.

दादा गेले. अक्कांनी मावशींकडून तीच उरलेली भाजी मागवली आणि आमच्यासमोर डबा उघडला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कपाळावर घाम, पण समोरच्या तांब्याला हात नाही.

"अक्का, साकू म्हणा की आता," मी म्हणालो. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

"एक चपाती राहिली," त्या म्हणाल्या आणि तीही संपवली.

त्याच दुपारी त्या होस्टेलवर गेल्या. मलाही ओढून नेलं. शिकवणीवरून आलेली पोरं जेवणाच्या खोलीत बाकावर खांद्याला खांदा लावून बसली होती आणि मोबाइलवर डबा सांगत होती. परभणीकडच्या एकाने घसरगुंडी मधोमध थांबवली. शेजारचा लगेच डोकावला. "काय बे, पुण्याचा हाईस का?" त्याने बिचाऱ्याने ती गपकन शेवटाला नेली. मग शेजाऱ्याने स्वतःचीही नेली. कालचा अनुभव ताजा होता, ओठ अजून सुजलेले होते, तरी दोघंही टोकाला.

बाहेर आल्यावर अक्का हसायला लागल्या. पायरीवर बसून, पदर तोंडाला लावून, पोट धरून. "चौघांत बसवून विचारलं की कुणीबी शूरच होतंय की रे! माझंच चुकलं. रंग चांगला, प्रश्न वाईट."

घसरगुंडी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. एवढ्या खटपटीने जुळवलेला तो मिरचीचा रंग गेला तेव्हा मलाच चुटपुट लागली, त्यांना नाही. तिच्या जागी दोन गोल आले, आणि वर एक प्रश्न: 'घरी तिखट टाकायच्या आधी आई तुमची भाजी बाजूला काढते का?'

साहेबांनी कपाळाला हात लावला. "हा काय प्रश्न झाला? पोरं हसतील."

एकही पोरगं हसलं नाही. शेजारच्याने डोकावून पाहिलं तरी चिडवायचं काय? त्याचीही आई काढतच होती. बहुतेकांनी 'हो' केलं. मावशींनी दोन पातेली केली, एक लहान तिखटाचं, एक मोठं बिनतिखटाचं, आणि त्या संध्याकाळी डबे चाटून-पुसून परत आले. एका पोराने मात्र कोणताच गोल भरला नव्हता. मी म्हणालो, विसरला असेल, आठवण पाठवू. अक्का म्हणाल्या, "थांब." त्यांनी प्रश्नातलं 'आई' काढलं आणि 'कुणी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचं 'हो' आलं. ते बघून मला गलबलून आलं. अक्का नाक ओढत दुसऱ्याच कामाला लागल्या.

पण येळवस पुढ्यात होती. आमच्याकडे वेळ अमावास्येला येळवस म्हणतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. त्या दिवशी लातुरात कुत्रंसुद्धा दिसत नाही. बाजार बंद, रस्ते रिकामे. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवायला. पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, गव्हाची खीर. दादांचा फोन आला, "येळवशीला तुमी डबे देणार का न्हाई? किचनवाला म्हणायलाय, आमच्याकडं सुट्टी नसती."

मावशी म्हणाल्या, "येळवशीला डबा भरत न्हाई आमी. त्या दिशी माणूस शेतात जेवतंय. माझ्या बाया रात्रभर रांधत्यात, ते शेतात न्यायला."

"मग पोरं काय उपाशी ठेवू?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि होस्टेल जायची वेळ आलेली. मावशी आमच्या बाकावर येऊन बसल्या. त्यांच्या मागे गल्लीतली सगळी घरं बसली आहेत, असं मला वाटलं.

अक्कांनी विचारलं, "मावशी, तुमच्या दिराचं शेत कुठं हाय?"

"चाकूरच्या रस्त्याला. फाट्याजवळच."

"पोरं आली तर बसतील का तिथं?"

मावशींनी डोळे पुसले. "बसतील की! शेत काय खोली हाय का?"

त्या एका दिवसासाठी अक्कांनी ॲपमध्ये प्रश्न टाकला: 'येळवशीला आमच्या शेतात जेवायला येता का?' मी म्हटलं, खटका द्या, सोपं पडेल. अक्कांनी नाही म्हटलं. "खटका आधीच 'न्हाई' म्हणून बसलेला असतो. ज्यानं बघितलंच न्हाई त्याचंबी न्हाई, आणि ज्याला यायचं न्हाई त्याचंबी न्हाई. दोन गोल दे, दोन्ही रिकामे. कुणाच्या तोंडचं उत्तर आपण आधीच भरून ठेवायचं न्हाई."

सकाळी कुणीच काही भरलं नाही. दुपारी दोन-तीन 'नाही' आले, परीक्षा जवळ होती. दादांनी फोन करून "मी म्हणलं नव्हतं?" असं ऐकवलं. अक्का ओल्या बोटाने उगाच टेबलावर रेघा काढत होत्या. शिकवणी सुटली आणि कंधारच्या एका पोराचा पहिला 'हो' आला. मग त्याच्या खोलीतल्यांचे. मग, तिखटाच्या वेळी झालं तसंच, एकाचं बघून दुसऱ्याचा, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याचा. 'नाही' म्हटलेल्यांनीही बदलून 'हो' केलं. चौघांत विचारल्याचा या वेळी फायदा झाला. अक्का ओरडल्या, "साकू, साकू! दुसरा टेंपो सांगा रे!"

येळवशीला दादा दोन्ही टेंपोंच्या पुढे गाडी घेऊन आले, लक्ष ठेवायला म्हणून. पोरं आधी बुजली. मग ज्वारीत शिरली, हुरडा शोधू लागली. पुस्तकातली डोकी वर करून त्यांनी कितीतरी दिवसांनी इतकं आभाळ पाहिलं असेल. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीपुढे पूजा झाली, पंगत बसली. मावशींनी दादांच्या हातात आंबिलीचं गाडगं दिलं. ते एका दमात रिकामं झालं, पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं. तिसऱ्यांदा भज्जी वाढून घेत असताना त्यांचा फोन वाजला. तो किचनवाला होता. दादांनी त्या सबंध शिवाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "जेवायलो मी. आन तुमचं काही जमत न्हाई आपल्याला." फोन खिशात टाकून ते मावशींना म्हणाले, "उद्या डबे येळेवर धाडा." मावशींनी दादांच्या ताटात आणखी एक उंडा ठेवला. अक्का बांधावर बसल्या होत्या. त्यांनी दिवसभर मोबाइल बाहेर काढला नाही, आणि मी त्यांना इतकं खूश पुन्हा कधी पाहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अक्कांच्या मालकांची बदली नांदेडला झाली. तिथे त्या दुसऱ्या एका ऑफिसात लागल्या. आमच्याकडे त्यांच्या जागी आलेला मुलगा हुशार आहे, काम वेळेत देतो, आणि कुणाला काही विचारत नाही. मला ऑफिसात करमत नाही, हे सरळ सांगून टाकतो.

या वर्षी येळवशीचा प्रश्न ॲपवर आला, उत्तरं येऊ लागली. त्यांत होस्टेलच्या यादीत नसलेला एक नंबर होता. खोलीच्या चौकटीत लिहिलं होतं 'नांदेड', आणि उत्तर होतं 'नाही'. अक्कांना कुणी विचारलं नव्हतं. होस्टेलच्या पोरांसाठीचा प्रश्न होता तो. पण मावशींनी वाट बघत बसू नये म्हणून अक्कांनी दोन गोलांपैकी एक भरून कळवलं होतं. मी ते मावशींना वाचून दाखवलं. मावशींनी मान डोलवली.

येळवशीला सकाळी मी शेताकडे आलो, तेव्हा मावशी फाट्यावर उभ्या होत्या. हातात चार कप्प्यांचा डबा, फडक्यात घट्ट बांधलेला. नांदेडची गाडी आली. त्यांनी हात केला, गाडी थांबली, आणि त्यांनी डबा कंडक्टरच्या हातात दिला.

"मावशी, अक्कांनी नाही म्हणून कळवलंय ना?" मी विचारलं.

"येत न्हाई म्हणली ती," मावशी म्हणाल्या. "जेवत न्हाई म्हणली का?"

कंडक्टरने अक्कांचा नंबर लिहून घेतला, डबा आपल्या शेजारच्या सीटवर ठेवला, बेल मारली आणि गाडी अहमदपूरमार्गे नांदेडकडे निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघं फाट्यावरच उभे होतो.